अठ्ठेचाळीस नंबरची हजेरी

३ जुलै
आले एकदाची! वसतिगृहातली खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, दोन टेबलं आणि एक कपाट, त्याचं दार लागत नाही. खिडकीतून बसथांबा दिसतो. त्रेचाळिसाव्या वर्षी कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय. नवऱ्याने बॅग वर आणून दिली आणि धापा टाकत विचारलं, पुस्तकं आहेत की विटा? लेकीने फोनवर बजावलं, आई, तिथे कुणाचं रॅगिंग करू नकोस. खोलीतली जोडीदारीण एकोणीस वर्षांची, अखंड बडबडी. मनातल्या मनात मी तिचं नाव चिमणी ठेवलं. आधी मला काकू म्हणाली, मग जीभ चावून ताई केलं. दोघींचे प्रवेश उशिरा झाले, म्हणून हजेरीपटावर आम्ही तळाशी: मी शेहेचाळीस, ती सत्तेचाळीस.

९ जुलै
वर्गातली एक गंमत कळली. पटावर शेवटचा नंबर अठ्ठेचाळीस. खिडकीजवळचा मागचा बाक त्याचा, आणि तो कायम रिकामा. तरी सरांनी नंबर पुकारला की कोणीतरी ‘हजर’ म्हणतं, रोज वेगळं कोणी. त्यासाठी मुलांनी पाळ्या लावल्यात. तो कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. वरच्या वर्गातली मुलं सांगून गेली म्हणे, त्याची हजेरी लागली की तो शांत असतो. नाही लागली तर स्वतः येतो. मी हसले. चिमणी हसली नाही. मंगळवारी माझी पाळी आहे.

१५ जुलै
मी म्हटलं नाही. अठरा वर्षं कचेरीत हजेरीपट सांभाळला, कुणाची खोटी सही चालू दिली नाही. साहेबांच्या मेव्हण्याचीसुद्धा नाही. आता इथे येऊन तेच करायचं? सरांनी नंबर तीनदा पुकारला. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. शेवटी त्यांनी लाल शाईने गैरहजेरी मांडली. जिन्यात चिमणी रडत म्हणाली, ताई, एका शब्दाने तुमचं काय जात होतं हो! तेव्हापासून स्वतःला विचारतेय, हा प्रामाणिकपणा की ताठा? थोडा ताठाही असेल. तरी खोटं ते खोटंच.

१६ जुलै
आज अठ्ठेचाळीसला उत्तर आलं. मागच्या बाकावरून. वळून पाहिलं तर बाक रिकामा. सरांनी मान वर न करता खूण केली.

१७ जुलै
सत्तेचाळीस. चिमणीने तोंड उघडायच्या आत मागून तिच्याच आवाजात ‘हजर’ आलं. ती माझ्या शेजारी होती, ओठ मिटलेले. मग ती ओरडून सांगत राहिली, सर, मी इथे आहे. सरांना ऐकू गेलं नाही. खानावळीत वाढणाऱ्या बाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलंच नाही. माझ्याच ताटात दोघी जेवलो.

१८ जुलै
सकाळी तिची खाट रिकामी. गादी गुंडाळलेली. रेक्टरबाई म्हणतात, तुम्ही पहिल्यापासून एकट्याच आहात. तिच्या आईचा नंबर माझ्याकडे होता, फोन केला. त्या म्हणाल्या, आत्ताच तर बोलली, मजेत आहे, आवाज तेवढा जरा बसलाय. वर्गात गेले नाही. दिवसभर तिला शोधलं.

१९ जुलै
कालची माझी हजेरी लागलीय. मी नव्हते तरी.
लेकीला फोन लावला. म्हणाली, आई, किती वेळा करशील, आत्ताच तर ठेवलास — मी केला नव्हता. माझ्या लेकीशी कोण बोललं?
घरी निघून जाऊ? आणि माझ्या जागी ते बसणार? मुळीच नाही. आणि पोर माझ्यामुळे गेलीय. तिला इथे सोडून मी —

२१ जुलै, वर्गात
मागच्या बाकावर येऊन बसलेय. लाकूड ऊबदार आहे, आत्ताच कोणी उठल्यासारखं. बस म्हणावं आता कुठे बसतोस ते.
हजेरी सुरू. चाळीस. आज त्याच्या आधी उत्तर द्यायचं —
पंचेचाळीस.
शेहेचाळीस. ओरडले. कानाशी माझ्याच आवाजात कोणीतरी — पण मी आधी! सरांनी मान वर केली. मला पाहिलं. खूण केली —
सत्तेचाळीस पुकारलं. मागे श्वास घेतंय. मागे तर भिंत — घेऊ दे. ही खोटी हजेरी नव्हे. पोर आहे. कुठेतरी आहेच. तिच्यासाठी मी ह