माशांच्या वाटच्या दोन पोळ्या

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, तुळशीला पाणी घालून झालं होतं आणि मी नेहमीसारखी दोन पोळ्यांची कणीक जास्त भिजवून बसले होते, त्या सकाळची गोष्ट सांगते, मिलिंदभाऊजी. पण आधी नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? सुप्रियाला इंदूरची थंडी बाधली नाही ना? (पायमोजे तिला आवडत नाहीत, तरी घालायला सांगा.) इकडे आमच्या बाग सेवनिया कॉलनीत सगळं ठीक.

हे जाऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या हाताचं माप काही बदलत नाही. परातीत पीठ पडतं ते दोघांचंच. मग यांच्या वाटच्या कणकेच्या गोळ्या करून मी कॉलनीमागच्या तळ्यावर नेते, जिथे हे फिरायला जायचे, आणि माशांना घालते. मासे तोंडं वर करून येतात. मला बरं वाटतं. एवढंच माझं व्यसन.

त्या दिवशी पहिली गोळी टाकली आणि शिट्टी वाजली. (कुकरची नव्हे.) बघते तर शेजारच्या मंजूषाची रसिका, नववीतली, डोक्यावर हिरवी टोपी. तिच्या शाळेने मुलांचं पर्यावरण दल काढलंय. कवायत करतात, रोपं जगवतात आणि या सुट्टीत रोज सकाळी तळं राखतात. मी म्हटलं, "अगं रसे, मी आहे." तर म्हणते, "आजी, ड्यूटीवर ओळख नसते. आटा पाण्यात सडतो, मग मासेच गुदमरतात." जिला मी मऊ भात भरवला, तिने माझी पिशवी तपासली! तेवढ्यात त्यांचे तुषार सर आले. "माताजी, आप तो पढ़ी-लिखी हैं," असं फार अदबीने म्हणून त्यांनी मला तिथला, माशांना काही खायला घालू नये असं लिहिलेला फलक दाखवला. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली (पुढचं सगळं यांच्या जुन्या मासिकांवर), त्यामुळे कुणी वाचायला दिलं की मी मोठ्याने वाचते. ते ऐकून फिरायला आलेली माणसं जमली आणि सरांना वाटलं, बाई जनजागृती करतायत. त्यांनी माझ्याही डोक्यावर टोपी ठेवली. थोड्या वेळाने ब्रेड टाकणाऱ्या एका गृहस्थांना मी चांगलं दटावलं, स्वतःची पिशवी पदराखाली धरून.

घरी आल्यावर मात्र ओट्यापाशी नुसती उभी राहिले. पोरगी खरंच बोलली होती. पण यांच्या वाटचं आता द्यायचं कुणाला?

टोपी मोठी होते, कानांवर येते. यांनी पाहिलं असतं तर दिवसभर हसले असते.

तुमची,
वासंतीवहिनी

ता. क. टोपीवाल्यांना पक्षी मोजायलाही जायचं असतं. तेराव्याला तुम्ही 'चार दिवसांसाठी' नेलेली यांची दुर्बीण पाठवून द्या. खरं तर पत्र तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आणखी एक. पोळ्यांचं सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी मी कणीक दोघांचीच भिजवली, दोन पोळ्यांना तूपगूळ लावला आणि तळ्यावर जाऊन, ड्यूटी संपल्यावर, रसिकाला खाऊ घातल्या.