बाल्कनीतला फोटो

४ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

आत्या, जिला घरच्या माणसांचीच भीती वाटते, तिला घराची इतकी आठवण का येते गं? आपल्या घरातली पहिली पदवीधर असूनही हे मला तुलाच विचारावं लागतंय.

बातमी ऐक. घर सोडून आलेल्या मुलींना आसरा देणाऱ्या आमच्या संस्थेने पहिल्यांदाच एका मुलीची पूर्ण जबाबदारी माझ्यावर टाकली! एकोणीस वर्षांची आहे. ठरवलेल्या लग्नाला नाही म्हणाली, तर भावांनी कोंडलं. घराण्याचं नाक कापलंस म्हणून थोरल्याने हात मोडला. आली तेव्हा बूट घालूनच झोपायची. काल तिने ते काढून पलंगाखाली ठेवले आणि मी आनंदाने न्हाणीघरात जाऊन रडले! परगावी नर्सिंगला तिला प्रवेशही मिळालाय.

आमचा पत्ता गुप्त असतो, म्हणून टपालपेटीच्या नंबरावरच लिहीत जा. सोबत इथल्या बाल्कनीतला माझा फोटो. बाबांना दाखव.

तुझ्या मायेची हक्कदार,
भिंगरी

१० मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. केस विंचरायला संस्थेत बंदी आहे का? तुझे बाबा कुरकुरतात, लोकांच्या भानगडीत पडते म्हणून. पण फोटो त्यांनीच भिंतीवर लावला आणि दूधवाल्यालाही आत बोलावून दाखवला.

काल तुझ्या त्या मुलीची आई आली होती. पोलीस ठाण्यात तुझं नाव कळलं म्हणे. फार रडली बिचारी. झालं गेलं विसरलो, लेकीला घरी न्यायचंय, म्हणाली. थोरला मुलगा बाहेर मोटारसायकलवरच बसून राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. पत्ता मलाच ठाऊक नाही, तर देणार कुठून? तुझा फोटो तेवढा दाखवला. मागचा घड्याळाचा मनोरा छान आहे म्हणाली आणि मोबाइलवर फोटोचा फोटो काढून घेऊन गेली. तुझ्या कामाला यश आलं गं!

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या

१५ मार्च

ती. आत्यास, सा. न.

परवा तुझं पत्र वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. तो मनोरा शहरात एकच आहे. पत्ता लपवायचा आणि फोटो पाठवायचा, अशी तुझी शहाणी भाची! तू मनाला लावून घेऊ नकोस, चूक माझी.

आमच्या प्रमुख ताईंना लगेच सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. रडणं नंतर, आधी चपला घाल, म्हणाल्या. दुपारपर्यंत आम्ही सगळ्या मुलींसह दुसऱ्या घरी!

मग माझ्या त्या मुलीला एकटीला बसवून सगळं सांगितलं. आमच्याकडे घरचा निरोप कधी लपवत नाहीत; जायचं की नाही ते जिचं तिने ठरवायचं. तिने आधी विचारलं, आई अजून लंगडते का? मला ते कुठून माहीत? मग म्हणाली, नर्सिंगचे वर्ग कधी सुरू होतात?

आत्या, मी तिला मिठीच मारली! नर्सिंगच्या वसतिगृहाच्या बाईंच्या इतक्या विनवण्या केल्या की त्यांनी हसतच खोली आधी उघडून दिली.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस. गाव कुठलं ते तुलासुद्धा सांगणार नाही. आज सकाळी मी तिला तिथे सोडून आले.

तुझी,
भिंगरी