तीन वह्या आणि एक पांढरी ताटली

मी, खाली सही करणारी, वय छप्पन्न, जलखात्यात एकतीस वर्षे तळ्याचे पाणी मोजणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. धाकट्या भावाला तो पटत नसल्यास त्याने दुसरा डॉक्टर आणावा.

१. पंपघरामागचे दोन खोल्यांचे घर व बँकेतील शिल्लक मुलीला. तळ्याकडच्या खिडक्या बुजवू नयेत.

२. संस्कृत कोश भाचीला. पाण्याला किती नावे आहेत ते तिने मोजावे. आपण सगळ्याला ‘सप्लाय’ म्हणतो.

३. आता भांडण. भाऊ खते विकतो. अकरा वर्षांपूर्वी तळे चार दिवसांत हिरवेगार झाले, मेलेले मासे काठाला लागले. मी म्हणाले, “हे तुझ्या खतानं केलं.” तो म्हणाला, “ताई, ऊन काय मी विकतो? आणि वरच्या धरणाचं पाणी मी अडवलं का?” तेव्हापासून आमच्यात फक्त हवापाण्याच्या गप्पा, त्याही पाणी वगळून.

चूक माझी होती. उष्णता, पातळी आणि पाण्यात उतरलेले खत, यांच्या वह्या मी तीन कपाटांत ठेवल्या. गेल्या वर्षी त्या बांधायला दिल्या, तर बाइंडरने सगळी पाने तारखेनुसार लावून एकच जाड वही शिवली. मी चिडले. तो म्हणाला, “बाई, तळं एकच आहे ना?”

ती मी सलग वाचली. नुसते ऊन तळ्याने सोसले होते, नुसते खतही, नुसती पाण्याची तूटही. तिन्ही एकदम आली त्या साली ते कोलमडले. पुढच्या वर्षी वरून पाणी सुटले, एकच ओझे उतरले, आणि तेवढ्यावर ते निवळू लागले. इतके अफाट, मुके पाणी, आणि उठायला त्याला एवढेच पुरले. माझ्या कोशात यासाठी शब्द नाही.

४. म्हणजे भाऊ निम्मा बरोबर होता. बाकी निम्म्याबद्दल तो अजून गुन्हेगारच. होडी आणि पांढरी ताटली त्याला. दर सोमवारी ताटली दोरीने सोडावी, दिसेनाशी होईल ती खोली, म्हणजे पाणी किती नितळ ते, त्या एकाच वहीत लिहावी. त्याने नाही म्हटले तर मोजणी थांबेल, आणि तळे पुन्हा खचू लागले तर कोणाला आधी कळणारही नाही. माझ्या मरणाची वाट पाहू नये. हा मसुदा त्याला आजच पाठवते. सोमवारी सकाळी सातला मी धक्क्यावर असते.

साक्षीदार: बाइंडर (साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये म्हणतात, म्हणून तो वाचला), शेजारच्या डॉक्टरीणबाई.

सही: ताई

मागाहून जोडलेली नोंद. स्थळ: तळ्याचा धक्का. सोमवार, ११ मार्च २०२४. पाणी एकोणीस अंश. ताटली तीन मीटर तीसवर दिसेनाशी. मोजणारा, धाकटा भाऊ. मला ती तीन मीटर दहालाच दिसेनाशी झाली होती. त्याचा आकडा ग्राह्य धरावा.