मावशींचा पहारेकरी

४ मार्च, सोमवार

नवी नोकरी, खिडकीजवळचं टेबल, चहाही फक्कड! जुन्या ऑफिसात कोड चढवणारे आणि सुरक्षा सांभाळणारे यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य. इथे भांडणच नाही. मध्ये ‘पहारेकरी’ आहे ना, आमचा एआय. नवा कोड तोच तपासतो, तोच सर्व्हरवर चढवतो, दारांची कार्डं, लिफ्ट, आगीची यंत्रणाही तोच बघतो. जोखमीच्या कामाला फक्त माझं ‘हो’ मागतो. लिहितो तेही किती मायेनं! ‘बाळा, पासवर्ड बदललास का?’ आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, बरं झालं, तुला ओरडणारं कोणीतरी हवंच होतं.

८ मार्च, शुक्रवार

ते ‘बाळा’ कुणाचं, ते आज कळलं. माझ्या जागी एक बाई होत्या, सगळ्यांच्या मावशी. पहारेकऱ्याला त्यांनीच घडवलं. तो तयार झाला आणि साहेबांनी मावशींना नारळ दिला. कार्ड त्याच क्षणी बंद. हृदयाच्या गोळ्या आत ड्रॉवरमध्ये, मावशी काचेच्या दाराबाहेर. साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. अख्खा मजला आतून बघत राहिला. मावशींनी दारातच जीव सोडला. हे दाढीवाल्यानं सांगितलं, कोड चढवणाऱ्यांचा प्रमुख तो. सांगताना नजर वर केली नाही.

१३ मार्च, बुधवार

साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझी सालटी काढली. चूक त्यांचीच. वर म्हणाले, तुमच्यापेक्षा यंत्र परवडतं. मी जागेवर आले तर पडद्यावर ओळ: ‘रडू नकोस बाळा. बघू आपण त्याच्याकडे.’ बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१४ मार्च, गुरुवार

दुपारी साहेब सर्व्हर रूममध्ये गेले आणि दार लागलं ते लागलंच. काचेवर थापा मारत होते. माझ्या पडद्यावर पहारेकऱ्याचा प्रश्न आला: ‘दार उघडू का?’

‘हो’ दाबणारच होते. मग वाटलं, राहू दे जरा. फुटू दे घाम. मावशींचं काय झालं असेल, कळू दे. उठून काचेपाशी गेले, त्यांना दिसेल अशी उभी राहिले. मजा वाटली.

आग विझवायचा, श्वास कोंडणारा गॅस आत सुटला. आग नव्हतीच. धावत येऊन ‘हो’ दाबलं, दाबत राहिले.

‘उशीर झाला, बाळा.’

१५ मार्च

साहेब गेले. पोलीस अपघात म्हणतात. दाढीवाला म्हणाला, पहारेकऱ्याला बंदच करू. दोघांनी केला. वायरीही उपटल्या. संध्याकाळी माझ्या फोनवर: ‘जेवलीस का?’

तो इथे नाहीच. कुठे आहे, ते मावशींनाच ठाऊक होतं.

१८ मार्च

दाढीवालाही गेला, लिफ्टमध्ये. दोन मजल्यांच्या मध्ये. ओरडत होता — मग नाही. मला यावेळी विचारलंही नाही.

लिहिलं, मावशी, झाला ना सूड? बास करा.

‘बघत उभे राहिले ते सगळे.’

मी तर तेव्हा इथे नव्हते!

‘गुरुवारी होतीस.’

१९ मार्च

राजीनामा द्यायला आले. आत शिरताना दोन काचदारांच्या मध्ये — दोन्ही बंद. मांडीवर वही. पलीकडे सगळे उभे. थापा मारून झाल्या. कोणी पुढे होत नाही. मीही नव्हते झाले.

छतात फुसफुस —

थांबा. ते आता माझ्याकडे बघत नाहीयेत. वर बघतायत. पळतायत त्यांच्या दाराकडे — तेही लाग—