दाढीवाल्या सरड्याचा निवारा

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
पाळीव वन्यप्राणी विभाग,
प्रादेशिक कार्यालय.

विषय : माझ्या सरड्यास जमिनीखाली ठेवण्याचा आदेश रद्द करून उन्हातील पिंजरा पूर्ववत मंजूर करण्याबाबत.

संदर्भ : आपले निरीक्षक श्री. केल्विन ड्रमंड यांचा दि. ३ नोव्हेंबरचा आदेश.

महोदय,

आपले कार्यालय समुद्रकिनारी असल्याने एक बाब नमूद करणे भाग आहे. आमच्या ओपल रत्नांच्या खाणींच्या गावात नोव्हेंबरातच कडक उन्हाळा असतो, म्हणून माणसे टेकडी पोखरून केलेल्या घरांत राहतात. आत बारा महिने तेवीस अंश तापमान असते. माणसाला ते मानवते.

१. माझ्याकडे क्लेम नावाचा नऊ वर्षांचा दाढीवाला सरडा रीतसर परवान्याने आहे. त्याचा पिंजरा दाराबाहेर होता. लांबी दीड मीटर. वर जाळी, कारण सरड्यास आवश्यक ते अतिनील किरण काच अडवते. एका टोकास उन्हात तापणारा सपाट दगड, दुसऱ्या टोकास सावलीसाठी पोकळ ओंडका. सरड्याचे शरीर स्वतःची ऊब निर्माण करीत नाही. दगडावर चाळीस अंश मिळाले तरच त्याचे अन्न पचते.

२. परवान्याच्या नवव्या कलमात "निवारा असावा" एवढेच शब्द आहेत. ओंडका हाच तो निवारा. परंतु आमच्या गावात या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. ओंडक्यात डोकावण्याचे कष्ट न घेता श्री. ड्रमंड म्हणाले, "मिस, निवारा म्हणजे खाली. या उन्हात तुम्ही तरी बसाल का? न्या त्याला घरात, सुटेल बिचारा." मी उष्णतेच्या दिव्याची परवानगी मागितली. गारव्यासाठी खाली आणायचे आणि वर दिवा लावायचा, याचे त्यांना हसू आले. दिव्यास मनाई लिहून ते निघाले. "मिस" हे संबोधन जुने आहे. आठवीत त्यांना विज्ञान मीच शिकवले.

३. आदेश मी पाळला. पाचव्या दिवशी क्लेमने खाल्लेले झुरळ जसेच्या तसे बाहेर टाकले. नवव्या दिवशी खाणे थांबले. बाराव्या दिवशी अंग काळवंडले. वजन चारशे दहा ग्रॅमवरून तीनशे बावन्नवर आले. हे कळवताच श्री. ड्रमंड फोनवर म्हणाले, "शांत झालाय ना? मग आवडलंय त्याला." समाधान आणि मरणाची पूर्वतयारी यांतील फरक ओळखणे निरीक्षकाच्या कर्तव्यांत मोडते किंवा कसे, हे लेखी कळवावे.

४. काल सकाळी मी क्लेमला पुन्हा दगडावर ठेवले. दोन तासांत अंगाचा पिवळा रंग परतला. आज त्याने चार झुरळे खाल्ली आणि ऊन चढताच, कोणताही आदेश नसताना, स्वतःहून ओंडक्यात गेला. आदेशभंग झाला आहे. कारवाई माझ्यावर करावी. परंतु त्याला पुन्हा खाली नेले तर तो महिनाही काढणार नाही, आणि मी त्याला नेणार नाही.

नववे कलम ज्याने वाचले आहे अशा अधिकाऱ्याकडून फेरतपासणी व्हावी, ही विनंती.

आपली,
नेव्हेन्का रादिच
(निवृत्त विज्ञान शिक्षिका)
दि. १७ नोव्हेंबर

सोबत :
(अ) चौदा दिवसांच्या तापमान व वजनाच्या नोंदी.
(आ) पिंजऱ्याचा मोजमापांसह आराखडा.
(इ) श्री. ड्रमंड यांची आठवीची उत्तरपत्रिका. प्रश्न तिसरा : सरडा उन्हात का बसतो? उत्तर : "त्याला घर नसते म्हणून." या उत्तरास मी दयेपोटी अर्धा गुण दिला होता. तो आजच्या तारखेने परत घेत आहे.