लताआत्याचा मान आणि माझा सर्व्हर

चि. कुंदन यास,

वाल्मीकदादाचे आशीर्वाद. (रागात दिलेला आशीर्वाद लागतो की नाही, तिकडे पुण्यात कुणाला तरी विचारून घे.) तुझी तब्येत बरी असेलच, दुसऱ्याला कामाला लावून बसणाऱ्याची बरीच असते. माझी कंबर धरली आहे.

"दादा, घराण्याचं स्वतःचं फेसबुक काढ. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाक, तासाभराचं काम," असं तू म्हणालास. सुरुवातीलाच पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटेना, म्हणून मी मेनरोडवरून नवा कीबोर्ड आणला. (लिनक्समध्ये टाइप केलेला पासवर्ड दिसतच नाही, एवढं सांगायला तुझं काय तोंड झिजलं असतं?) मग माझ्याच घरात, माझ्याच स्टुलावर बसलेला कॉम्प्युटर मलाच 'परमिशन डिनाइड' म्हणू लागला. मोहिनी म्हणाली, "लग्नानंतर मलाही हेच म्हणावंसं वाटायचं तुम्हाला."

कसाबसा आपल्या फेसबुकाचा सर्व्हर त्या कॉम्प्युटरवर उठला. परकं कुणी शिरू नये म्हणून निमंत्रणाची लिंक ठेवली आणि सगळ्यांना फोनवर धाडली. झालं! घराण्याचा मानपान जागा झाला. दिंडोरीचे दत्तूकाका (तुझे मामा) म्हणाले, "आमाला लिंकवर बोलावतो व्हय? घरी यायला पाय नाय का तुला?" तुझ्या मातोश्री, म्हणजे आमची लताआत्या, म्हणाली, "अक्षत नाही, माणूस नाही, हे कसलं बोलावणं?" शेवटी लिंक कागदावर छापली, कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि पंचवटीपासून दिंडोरीपर्यंत स्कूटरवरून अक्षता वाटत फिरलो. (कंबर तिथेच धरली.) वर आत्या सगळ्यांत मोठी, तेव्हा ॲडमिनचा मानही तिलाच दिला. तिने रोज सकाळी फुलांचे व्हिडिओ टाकून डिस्क भरली, सर्व्हर बसला. मी न विचारता व्हिडिओ पुसले, सर्व्हर उठला. आता सगळं छान चाललं आहे.

तुझा,
वाल्मीकदादा

ता. क. छान चाललं आहे, हे मोहिनीच्या फोनवर दिसतं. फुलं पुसली म्हणून आत्याने मला काढून टाकलं आहे.

आणखी ता. क. पत्र लिहिलं ते यासाठीच. रूटवरून (म्हणजे कॉम्प्युटरच्या मालकाच्या खात्यावरून) एक कमांड दिली की मी आत. तेवढं मला आता येतं. पण आत्याने बाहेर काढल्यावर मागच्या दाराने कसा शिरू? वाईट वाटतं रे. काल तिने माझा लहानपणचा टकलू फोटो टाकला, सगळे हसताहेत आणि मला उत्तर देता येत नाही. तिने नुसतं 'ये रे' म्हटलं तरी पुरे, एवढं सांग तिला. डिस्क पुन्हा भरत आली आहे, पण तिला विचारल्याशिवाय मी एक फूलसुद्धा पुसणार नाही.