चुकून न वाजलेली टाळी

तीर्थस्वरूप दादांना तुमच्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द रीत म्हणून लिहिलेला नाही. सध्या मला सरळ होताच येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? सुतारकामाच्या धुळीत राहून खोकला जात नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण डॉक्टर धूळ सोडा म्हणतात आणि पोट कशावर भरायचं ते सांगत नाहीत. इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत, म्हणजे तुमची बहीण खुशाल आहे आणि मी तिच्या बाजूला आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, की तुमची बहीण शर्टांच्या कारखान्यात मशीनवर बसते, तिथेच मी मास्तर म्हणून कापड बेततो आणि सुट्टीच्या दिवशी सभांना टाळ्या वाजवतो. टाळ्या सगळेच वाजवतात हो, पण पहिली कुणीतरी वाजवावी लागते, आणि ती माझ्याकडे असते. कात्री चालवून तळवे असे फळीसारखे झालेत, की माझी टाळी मागच्या भिंतीला लागून परत येते. (एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष मलाच बोलावतात. त्यांच्यात एकता घडवून आणलेला मी एकटाच.) समता आणि एकता या विषयांवरची एवढी भाषणं कानांवरून गेलीत, की आता मला अर्थ ऐकू येत नाही, फक्त टाळीच्या जागा ऐकू येतात. एकतेच्या भाषणात आधी पाच बोटं पसरून दाखवतात आणि मग मूठ वळतात. मुठीला टाळी. देश म्हणजे एक कुटुंब, असं म्हणतात तिथे जरा दबकी टाळी, कारण ऐकणारे निम्मे लोक घरून भांडून आलेले असतात. समतेच्या भाषणात वक्त्याला स्वप्न पडतं. त्या स्वप्नात त्याला नेमक्या तीन गोष्टी दिसतात, दरवेळी आवाज एक पायरी वर चढतो, आणि तिसरीनंतर तो एकदम गप्प होतो. ती गप्प राहण्याची जागा म्हणजे माझी हक्काची जागा. सगळ्यात शेवटी प्रश्न येतो, आणि तो असा घडवलेला असतो की ‘नाही’ सोडून दुसरं उत्तर त्यात मावतच नाही.

तर आमच्या कारखान्याचा वर्धापनदिन होता. इस्त्रीची टेबलं भिंतीला सरकवून हॉल मोकळा केला होता आणि मालक भाषण करणार होते. मालक मनाने वाईट नाहीत, पण माइक दिसला की त्यांच्या अंगात थेट राष्ट्राचा नेता संचारतो. त्यांच्या पुतण्याने थोरामोठ्यांची गाजलेली भाषणं ऐकून, त्यांतले तुकडे कापून, एक भाषण शिवून दिलं होतं. (शिवण उघड दिसत होती. मालकांना मध्येच समुद्र आठवायचा, मध्येच पर्वत, आणि आयुष्यात गोदामापलीकडे पाऊल न टाकलेला हा माणूस तुरुंगातल्या दिवसांवर येता येता थोडक्यात वाचला.) बोटं झाली, मूठ झाली, स्वप्न झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, की सांगा, या छपराखाली कुणी वरचा आहे का? कुणी खालचा आहे का?

आणि दादा, तुमची बहीण उठून उभी राहिली आणि म्हणाली, “आहे की!”

आमच्याकडे कापणारे आणि तपासणारे पुरुष खुर्चीवर बसतात आणि मशीनवरच्या बाया स्टुलावर. खुर्चीला पाठ असते, स्टुलाला नसते. असं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मालकांनी विचारलं, म्हणून तिने सांगितलं. ती म्हणाली, “मालकांच्या खुर्चीला पाठ आहे. मास्तरांच्या खुर्चीला पाठ आहे. आमच्या स्टुलाला नाही.” आणि बसली. तुमच्या बहिणीने जन्मात कधी भाषण केलेलं नाही, पण तीन वाक्यं अशी एकावर एक ठेवलेली मी भल्याभल्यांकडून ऐकलेली नाहीत. माझ्या मनात समतेची ज्योत धडाडून पेटली, आणि पुढचामागचा विचार न करता मी टाळी वाजवली. माझ्यामागून अख्खा हॉल वाजला, पुतण्यासुद्धा वाजवत होता. एवढ्या वर्षांत इतकी छान टाळी बसली नव्हती.

मालक तिथे हसले. पण शब्दाचा माणूस! दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर सगळ्या पुरुषांच्या खुर्च्यांचे स्क्रू काढून पाठी उतरवलेल्या आणि गोदामात रचून ठेवलेल्या. समता म्हणजे समता, आता कुणी वर नाही, कुणी खाली नाही, असं मालक म्हणाले आणि स्वतःच्या पाठीच्या खुर्चीत जाऊन बसले. (त्यांची खुर्ची ऑफिसात असते, आणि ऑफिसचं छप्पर वेगळं आहे, असं पुतण्याने समजावून सांगितलं.) बायांना काहीच मिळालं नाही, पुरुषांचं होतं ते गेलं, आणि समतेपाठोपाठ एकताही निकालात निघाली. पुरुष बायांशी बोलेनात. डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडू लागले. आणि सगळ्यांचा राग मिळून माझ्यावर, कारण टाळी माझी.

परवा आमचा तपासनीस, ज्याला सगळे इंचपट्टी म्हणतात, मालकांचा निरोप घेऊन आला. येत्या शुक्रवारी सगळ्यांची बैठक आहे. त्यात मी उभं राहून एवढंच म्हणायचं, की ती टाळी चुकून वाजली. बस. म्हटलं की पुरुषांच्या पाठी संध्याकाळपर्यंत परत जागेवर, आणि बायांचा विषय बंद. नाही म्हटलं तर मी नवी नोकरी बघायला मोकळा. इंचपट्टी हात जोडून म्हणाला, “मास्तर, एक वाक्य आहे हो. तुमचं काय जातं?” त्याची कंबर खरोखरच दुखते, मला दिसतं ते. माझीही मोडायला आली आहे. पण दादा, एका वाक्याने किती बायांची तोंडं बंद होतात ते मला त्या वेळी बरोबर कळलं. सभांमधून मी खोट्या वाक्यांना आयुष्यभर खऱ्या टाळ्या दिल्या. आता एका खऱ्या वाक्याला दिलेली टाळी मी परत घेणार नाही. नोकरी जावो, कंबर जावो. मी शुक्रवारी उभा राहीन आणि सांगेन, की ती टाळी मी शुद्धीवर असताना, समजून उमजून, छाती पुढे काढून वाजवली होती. (छाती सध्या पुढे निघत नाही, पण शुक्रवारपर्यंत काढीन.) तुमच्याकडून मला काही नको. फक्त आशीर्वाद असू द्या. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. आशीर्वादासोबत एक बारीकसं काम आहे. बायांच्या स्टुलाला पाठ बसूच शकत नाही, बसवली तर स्टूल मागे कलंडेल, असं मालक शुक्रवारी म्हणणार आहेत. म्हणून या पत्राबरोबर एक स्टूल बसने पाठवलं आहे. (कारखान्याचंच आहे. तुमची बहीण सध्या उभ्याने मशीन चालवते आणि कुणी विचारलं की मालकांच्या भाषणाने भारावून उभी आहे असं सांगते.) त्याला पाठ बसवून तुम्ही स्वतः घेऊन या, आणि सगळ्यांसमोर त्यावर रेलून बसून दाखवा. मजुरीचं नंतर बोलू. एकतेच्या दृष्टीने ती न बोललेलीच बरी.

आणखी ता. क. दादा, मी लिहिते आहे. पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ज्योतबीत काही पेटली नव्हती. हे पुढच्या रांगेत बसून झोपले होते. भाषण ऐकलं की यांना झोप लागते आणि बोलणारा गप्प झाला की सवयीने हात वाजतात, तसे वाजले. ती टाळी चुकूनच वाजली. शुक्रवारी यांनी तसं म्हटलं तर ते खरंच असेल, आणि हे म्हणणार नाहीत. पण यांनी पत्रात न लिहिलेलं एक सांगते. टाळी वाजल्यावर यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग मालकांकडे बघितलं, तोंडावरचा रंग उडाला, आणि यांनी दुसरी टाळी वाजवली. तोवर सगळा हॉल वाजत होता, म्हणून ती कुणाला ऐकू आली नाही. मला आली. तू ये. आणि पाठ जरा उंच कर.